नाव पुकारल्यावर

आष्टी,
६ मे २०१३

आबासाहेबांस,
उत्पलाचा जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. तब्येत ठीक आहे, गुडघे तेवढे धरतात, असं लिहिलंत. इकडेही बरंच म्हणायचं. टँकर दहा दिवसांनी येतो, आणि मी कॉलेजचे पेपर तपासायचे सोडून तुम्हाला लिहीत बसले आहे. सोसायटीनं गावात चारा छावणी उघडल्याचं वाचलं. जनावरांची सोय झाली, चांगलं केलंत.

पत्राच्या माथ्यावर 'चि. उत्पला' लिहिलंत. आमच्या घरातलं नाव तुमच्या हातून पहिल्यांदाच जसंच्या तसं उतरलं. मी ते दोनदा वाचलं.

रविवारच्या पेपरातला माझा नावांवरचा लेख तुम्हाला आवडला. चीनमध्ये पोर जगावं म्हणून त्याला 'कुत्र्याचं उष्टं' अशा अर्थाचं नाव ठेवत. आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत आधीची लेकरं दगावली असली की नव्याला 'कोसोको' म्हणत, म्हणजे खड्डा खणायला आता कुदळच नाही. असंच काही 'आबासाहेब' या नावावर लिहून द्या, सोसायटीच्या पन्नाशीच्या अंकात छापू, असा तुमचा आग्रह. शिवाय एकोणीस तारखेच्या कार्यक्रमात मानपत्रही गावच्या लेकीच्या, म्हणजे माझ्याच हातून घ्यायचं ठरवलंत.

लेख लिहिला. कालच छापून झाला. काय लिहिलं ते तुम्हाला आधी कळवावं म्हणून हे पत्र.

'आबासाहेब' वर लिहिण्यासारखं काही नाही. चेअरमन झाल्यावर लोक म्हणायला लागले, एवढंच. तुमचं पाळण्यातलं नाव कचरू. आधीची तीन लेकरं गेली, म्हणून तुमच्या आईनं तुम्हाला जन्मल्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं. टाकलेलं पोर परक्या बाईनं उचलायचं आणि आईनं ते तिच्याकडून विकत घ्यायचं, म्हणजे सटवाई त्याच्याकडे बघत नाही, अशी रीत. उचलायला बोलावलं माझ्या आजीला, दगडाबाईला. माझे बाबा तेव्हा महिन्याचे. तुम्ही रडत होतात म्हणून आजीनं तिथंच बसून तुम्हाला पाजलं, कचरू नाव ठेवलं आणि सूपभर ज्वारी घेऊन परत दिलं. आजी सांगायची, "लई भुकेलं व्हतं पोरगं. सोडंचना."

या नावाला मी कधी हसले नाही. तुमच्या आईनं कोणत्या काळजानं ते कबूल केलं असेल, ते मला कळतं. हसलात तुम्ही, आमच्या नावांना.

तुम्ही कचरू टाकून आबासाहेब झालात, गावानं दुसऱ्या दिवसापासून तसंच म्हटलं. माझ्या आईनं दीक्षा घेतली, बायडाबाईची महामाया झाली, तर ते तुमच्या जिभेला जड गेलं. त्र्याहत्तरचा उन्हाळा आठवा. बाबा ऊसतोडीला गेलेले. सोसायटीच्या दुकानात लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, यायची आणि कार्ड बघून तुम्ही एकेकाचं नाव पुकारायचात. कार्डावर महामाया लिहिलेलं होतं, मला वाचता येत होतं. तुम्ही ते नीट बघायचात आणि ओरडायचात, "म्हारवाड्याची बायडी! हाय का न्हाई?"

आई ओ द्यायची नाही. पहिल्या दिवशी म्हणाली, "कार्डावरचं नाव घ्या, आबासाहेब." तुम्ही म्हणालात, "असली बाई आमच्या गावात न्हाई." ती संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहिली आणि रिकामी आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही, लेखातही घातलेलं नाही. चौथ्या दिवशी मी तिच्यासोबत होते. बारा वर्षांची. घरी धाकटा भाऊ भुकेनं झोपून होता. तुम्ही पुकारलंत आणि मी म्हटलं, "हाय जी." रांग हसली. तुम्हीही हसलात आणि माझ्या पिशवीत मिलो ओतलीत.

घरी येऊन आईनं दळलं, भाकरी केल्या, आम्हा दोघांना वाढल्या. स्वतः खाल्लं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मी दर खेपेला जाऊन 'हाय जी' म्हणायची, ती दर खेपेला भाकरी करायची आणि चिंचेचा पाला उकडून खायची. मे महिन्यात गेली. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले. मी चाळीस वर्षं लोकांना तेच सांगत आले.

तिला तुम्ही मारलंत, आणि त्यात माझा आवाज वापरलात. हे मी तुम्हाला माफ करणार नाही.

एकोणीसला मी नक्की येणार. सगळा गाव समोर असेल, माईक माझ्या हातात आणि मानपत्रही. मी आबासाहेब म्हणणार नाही. पुकारीन, "उकिरड्यावरचा कचरू! हाय का न्हाई?" तुम्ही उठायचं, 'हाय जी' म्हणायचं आणि मानपत्र घेऊन जायचं. नाही उठलात तर पुन्हा पुकारीन. संध्याकाळपर्यंत उभी राहीन, आमच्या घरात ती सवय आहे. कार्यक्रम मोडलात तरी अंक घरोघर जाईल, छापखानेवाल्याशी मी बोलले आहे.

आई याला हो म्हणाली नसती, हे मला माहीत आहे. तिला विचारता येत नाही.

गुडघे धरतात म्हणालात, म्हणून तुमची खुर्ची पायऱ्यांजवळच ठेवायला सांगितली आहे. उठायला त्रास नको.

महामायाची लेक,
उत्पला