पाचव्या प्रतिज्ञेची अडचण

राजापेठ, अमरावती
ता. ५ एप्रिल १९५९

ती. इंदूबाईस,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र भाऊजींच्या हाती देऊ नकोस. ते हसतील आणि अकोलाभर होईल.

लग्न दहा मे, रविवारी ठरलं. मुहूर्त पाहायचा नाही, ग्रह जुळवायचे नाहीत, म्हणून बाबा खूश आहेत. पंचाईत माझी झाली. बौद्ध पद्धतीनं लग्न लावणाऱ्या आचार्य देवमनजींनी नवरीच्या प्रतिज्ञांचा कागद पाठ करायला दिला. चार प्रतिज्ञा ठीक आहेत. पाचवी म्हणते, 'सर्व कामांत दक्ष राहीन, आळस करणार नाही.' बाई, तू मला ओळखतेस. उन्हं तोंडावर आल्याशिवाय मी उठत नाही. भाकर तव्यावर टाकून पुस्तक वाचते, ती जळाल्याचा वास शेजाऱ्यांना आधी येतो. त्यात प्रतिज्ञांच्या आधी पंचशील. म्हणजे खोटं बोलणार नाही असं म्हणायचं आणि त्याच तोंडानं लगेच खोटं बोलायचं.

शिवाय मला पाहायला पाहुणे आले त्या दिवशीचा शिरा आईनं केला होता. बाबांनी माझं नाव सांगितलं. धर्मपालरावांनी तो दोनदा मागून घेतला. माणूस मला आवडला आहे, म्हणूनच भीती वाटते. पुढच्या आठवड्यात निमंत्रणं छापायला जातील. धर्मपालराव तुझ्याच गल्लीत राहतात, छपाईआधी त्यांना सगळं खरं सांग. नाही म्हणाले तर म्हणू देत.

भाच्यांना पापे. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी जमुना

*

अकोला
ता. ११ एप्रिल १९५९

चि. जमुनास अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या लग्नात वाजंत्र्यांच्या गोंगाटात कोण काय म्हणालं ते मला आजवर कळलेलं नाही. त्यामुळे तुझ्या भाऊजींना मी कशालाच बांधील नाही, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

तरी तू सांगितलंस म्हणून धर्मपालरावांना जेवायला बोलावलं. स्टेशनावर पार्सलं मोजणारा माणूस, मुळातच अबोल. मी शिऱ्यापासून आळसापर्यंत सगळं सांगितलं. तो खाली मान घालून बसला. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. मग त्यानं खिशातून स्वतःच्या प्रतिज्ञांचा कागद काढला. त्यात आहे, घरचा कारभार पत्नीच्या हाती देईन. आता त्याच्या घरी कारभार आईचा, केशरबाईंचा, किल्ल्या त्यांच्या कमरेला. धुतलेला सदरासुद्धा तो आईला मागून घेतो. म्हणाला, "जे माह्या हातातच नाही, ते मी तिले कसं देऊ?" आठ दिवस त्याला हाच घोर होता.

आणि शिरा त्याला आवडतच नाही. मान वर करून तुझ्याकडे पाहायची वेळ येऊ नये म्हणून तो मागत राहिला.

उद्या आईशी बोलतो म्हणून गेला आहे. केशरबाई बिघडल्या तर लग्नाचं काही खरं नाही. पण मुलगा खरा आहे, एवढं मी लिहून देते.

आईबाबांना जयभीम. जेवत जा.
तुझी इंदू

*

अकोला
ता. १५ एप्रिल १९५९

चि. जमुनाले केशरबाईचा जयभीम.

मले लिवता येत नाही. मी सांगून राहिली अन् धर्मपाल लिवून राहिला. मी म्हनीन तेच लिव, असं बजावलं आहे.

पोरगा माह्यासमोर बसला अन् किल्ल्या मागाले लागला. मले लय राग आला. दोन दिवस बोलली नाही. याचा बाप गेल्यावर जिनाच्या कारखान्यात कापूस वेचून मी हे घर चालवलं. किल्ली सोडनं सोपं नाही बाई. मंग म्या त्याले म्हटलं, तो कागद वाच. दोघाईच्या प्रतिज्ञा दोनदा वाचाले लावल्या.

माह्या लग्नात मी नऊ वर्साची होती. मामानं कडेवर उचलून मांडवात नेलं. मले कोनी काही इचारलं नाही. तुमाले इचारून राहिले, त तुमी दोघं घाबरून बसले. मले हसूही आलं अन् रडूही.

किल्ल्या देईन. एकदम नाही. आधी कपाटाची, मंग धान्याच्या कोठीची. पोरगा भोळा आहे, घोरतो बी. (हे लिहू नये असं माझं मत होतं. – धर्मपाल.) तू उशिरा उठतं तेही समजलं. पन मले एक सांग पोरी, तुले या घरात यायचं आहे का? कागदावरचं नोको, तुह्या मनातलं सांग.

केशरबाई

*

राजापेठ, अमरावती
ता. १९ एप्रिल १९५९

ती. आईंस,
जमुनाचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी एकटीनं वाचलं. पाहायला आलेल्यांनी माझं वय विचारलं, शिक्षण विचारलं, चालून दाखवायला लावलं. यायचं आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं. बाबांनीही नाही. मीही स्वतःला नाही.

आचार्यांकडे जाऊन पाचव्या प्रतिज्ञेचं सांगितलं. ते म्हणाले, प्रतिज्ञा म्हणजे आजवरच्या वागण्याचा दाखला नव्हे, पुढच्या वागण्याचा शब्द आहे. तेव्हा ती मी म्हणेन. अकरा मेपासून लगेच पहाटे उठेन असं मात्र लिहून देत नाही.

आई, मला यायचं आहे. मांडवात सगळ्यांसमोर सांगेनच, पण विचारलंत तुम्ही, म्हणून पहिल्यांदा तुम्हाला सांगते.

तुमची
जमुना