पुढे सगळं उस

मी, मनोरमा ईश्वर मयेकर, वय सहासष्ट, राहणार शांती नगर, मीरा रोड (पूर्व), हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे आणि उजव्या हाताची दोन बोटे सोडली तर बाकीचे शरीरही ठीक आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही, उलट माझा मुलगा कौस्तुभ याने "आई, हे आत्ताच कशाला?" म्हणून दोनदा विषय बदलला. वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यातल्या रिकाम्या जागा मला पुरल्या नाहीत, म्हणून मी कोरे कागद घेतले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले, आणि माझा आळस पाहता बहुधा हेच शेवटचे.

सुरुवातीलाच एक नोंद करते. माझे शिक्षण भायखळ्याला कॉन्व्हेंट शाळेत झाले. मराठी मी घरात बोलले, पण लिहायला लागले ती लग्नानंतर. उकार आणि वेलांट्या यांच्याशी माझे कधीच जमले नाही. हे गमतीने लिहीत नाही. कलम सहा त्याच्यावरच उभे आहे.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे एक बेडरूम, हॉल, किचन आणि गॅलरी, मी कौस्तुभला देते. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट लोखंडी कपाटात, वरच्या खणात आहे. हे घर मी आणि माझे यजमान, कै. ईश्वर, यांनी १९८८ साली घेतले. तेव्हा गॅलरीतून मिठागरांचे पांढरे ढीग दिसायचे. आता समोरच्या विंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि त्यावरून कोणाकडे पाहुणे आलेत ते कळते. कौस्तुभला पुण्याहून इकडे यायचे नसेल तर त्याने घर खुशाल विकावे. वाईट वाटायला मी नसेन.

कलम २. बँकेतल्या ठेवी कौस्तुभला. माझ्या चार बांगड्या आणि मोहनमाळ सून इशिता हिला. तिने त्या मोडून नवीन काही घडवले तरी चालेल. तिला ते विचारायला संकोच वाटेल, म्हणून परवानगी आत्ताच देऊन ठेवते.

कलम ३. शिलाई मशीन कोणाला देता येत नाही, कारण ते माझ्याकडे नाही. माझे चुलत दीर बाबाजी भावजी ते १९९६ साली "आठ दिवसांसाठी" घेऊन गेले. मला ते परत नको. फक्त, "वहिनींनी ते मला भेट दिलं" असे ते लग्नाकार्यात सांगतात, ते त्यांनी माझ्यामागे तरी बंद करावे.

कलम ४. मी गेल्यावर माझ्या अंगावर शाल घालू नये. मला उकडते. दिवस वगैरे जे करायचे ते घरच्या रीतीने करावे, मात्र मुंबईत ज्या चर्चमध्ये शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला न्यायच्या, तिथे एक मेणबत्ती लावावी. ती त्यांच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे.

कलम ५. विणकामाचे सामान. अ‍ॅल्युमिनियमच्या सुया आणि उरलेल्या लोकरीची पिशवी सोसायटीच्या महिला मंडळाला द्यावी. खाकी कव्हराची वही आणि सायकलच्या तारांच्या दोन सुया त्यांना देऊ नयेत.

या सुयांबद्दल लिहायला हवे. बाजारात मिळायच्या त्या सुया जाड होत्या. त्यांच्यावर बनियन आणि टोप्या चांगल्या होत, पण बारीक जाळीचे काम होत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तसे म्हटले, तर ईश्वरनी आपल्या सायकलच्या चाकातल्या दोन तारा कापल्या, मोरीच्या दगडावर टोके घासली आणि मागच्या बाजूला शर्टाची बटणे लाखेने चिकटवली. नंतर महिनाभर सायकल डुलत चालत होती. शेजारच्यांनी विचारले की ते म्हणत, "बायकोला विणायचं आहे, मग मी जरा डुललो तर काय झालं?"

जाळीचे विणकाम मला सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवले. त्या मंगळूरच्या. जाळीत दोरा पुढे घेऊन एक टाका वाढवायचा आणि लगेच दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. टाके तेवढेच राहतात आणि मध्ये एक भोक पडते. अशा भोकांची पाने होतात, फुले होतात. मी सातवीत असताना पहिल्याच रुमालात नको तिथे भोक पाडले आणि रडत बसले. सिस्टर त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "भोक चूक नाय, मनोरमा. मागितला नाय तिथे आला, तो चूक." वर्गातल्या मुली हसल्या. मीही हसले. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य तेवढे हसण्यासारखे वाटत नाही.

कलम ६. पांढऱ्या लोकरीचा जाळीचा स्कार्फ, अपुरा, सुयांवर आहे तसा. सोबत त्या तारांच्या सुया आणि खाकी वही, हे सर्व मी माझी नणंद सौ. सुलभा धर्माजी शिवलकर, म्हणजे आमची सुलू, राहणार भाईंदर (पश्चिम), हिला देते. का देते ते लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होणार नाही.

१९९० साली सिस्टर निवृत्त होऊन उटीला जाणार होत्या. तिथे थंडी फार, म्हणून मी त्यांच्यासाठी स्कार्फ विणायला घेतला. चार महिने विणला. पानांची जाळी, तीनशेच्या वर ओळी. शेवटी फक्त साध्या काठाच्या बारा ओळी उरल्या होत्या, एक उलट, एक सुलट. त्याच दुपारी दिवस भरायच्या आत मला कळा सुरू झाल्या. सुलू तेव्हा आमच्याकडे राहून बी.एड. करत होती आणि कॉलेजला गेली होती. मी तिला थोडेफार विणायला शिकवले होते, तोंडी. खाली रिक्षा थांबली होती. मी तिच्यासाठी चिठ्ठी लिहून सुयांपाशी ठेवली.

आठ दिवसांनी कौस्तुभला घेऊन घरी आले. शिलाई मशीनवर दोन रिकाम्या सुया शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे लोकरीचा गोळा. सुलू दारातच वाट बघत होती.

"वहिनी, झालं बघा. एक गाठसुद्धा पडू दिली नाही."

"काय केलंस हे?"

"तुम्हीच लिहिलं होतंत ना, उसव म्हणून. मला वाटलं, कुठे चुकलं असेल, परत करायचं असेल."

"मी असं लिहीन? लिहिलेलं वाचता येत नाही का तुला?"

सासूबाई होत्या, बाळ बघायला आलेल्या चार बायका होत्या. सुलू मराठी घेऊन बी.ए.ला पहिली आलेली मुलगी. "चिठ्ठी दाखवते," ती म्हणाली. मी म्हणाले, "मला काही बघायचं नाही." ती आत गेली. सिस्टर रिकाम्या गळ्याने उटीला गेल्या आणि दीड वर्षाने त्या वारल्याचे कळले.

त्यानंतर भांडण म्हणावे असे काही झाले नाही. गणपतीला जाणे-येणे होते, आजारपणात डबे जात-येत होते. पण पूर्वी सुलू माझ्या वाण्याच्या यादीवरून मला छळायची, "वहिनी, तुमच्या कॉन्व्हेंटात उकार काय रेशनवर मिळायचे?" ते त्या दिवसापासून बंद झाले. तिच्या लग्नात मी पैठणी दिली, हाताने विणलेले काही दिले नाही. ते का, हे आम्हा दोघींना माहीत होते. तिने ते मुद्दाम केले, मला मूल झाले आणि सिस्टरांचेही माझ्यावर प्रेम, म्हणून तिला सहन झाले नाही, असे मी पस्तीस वर्षे मनात धरले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

पाच महिन्यांपूर्वी या मृत्युपत्रासाठी सामानाची यादी करताना खाकी वहीचे कव्हर सुटले. चिठ्ठी आत होती. सुलूने ती जपून तिथे सरकवून ठेवली असणार. माझे अक्षर, निळी शाई:

"सुलू, सुईवरचा स्कार्फ घे. पुढे सगळं उस. सिस्टर जायच्या आत व्हायला हवं."

वहीत मी उलट टाक्याला 'उ' आणि सुलट टाक्याला 'सु' लिहीत असे. मला 'उसु' लिहायचे होते. 'स'चा उकार मी दिला नाही, आणि उरलेले 'उस' कोणीही 'उसव' असेच वाचेल. सुलूने ती वही कधी वाचलेली नव्हती. जे लिहिले होते ते तिने वाचले आणि जे वाचले ते केले. आणि तो गोळा. तो किती गोल होता, किती घट्ट गुंडाळलेला होता. रागाने उसवणारी बाई असा गोळा करत नाही. हे मला त्याच दिवशी दिसले होते. मी बघितले नाही.

ती लोकर मी कधी वापरली नाही, टाकलीही नाही. चिठ्ठी सापडल्यावर ती धुऊन गॅलरीत वाळवली आणि तोच नमुना पुन्हा घातला. बोटे दुखतात, त्यामुळे या वेळी स्कार्फ आखूड झाला, पण जाळी पुरी झाली. काठाच्या बारा ओळी मी ठेवल्या आहेत. त्या सुलूने विणाव्यात, किंवा तिची इच्छा असेल तर सगळे उसवावे. दोन्ही तिच्या हक्काचे आहे.

पुरवणी. वरचा मजकूर मी शेजारच्या चंपाबेनना वाचून दाखवला, कारण त्या साक्षीदार आहेत. (त्यांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. माझ्याकडची खाकऱ्यांची डबी त्यांचीच आहे, ती परत द्यावी.) चंपाबेननी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मनोरमाबेन, तू मरेगी, फिर वो पढ़ेगी, फिर 'जाने दो' किसको बोलेगी? तेरे फोटो को?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कार्फ, चिठ्ठी आणि हे कागद घेऊन रिक्षाने भाईंदर पश्चिमेला सुलूकडे गेले. तिने दार उघडले, चिठ्ठी घेतली, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचली. मी म्हणाले, "उसु लिहायचं होतं. उलट, सुलट." ती खुर्चीवर बसली.

"मला वाटायचं, मीच घाई केली," ती म्हणाली. "एवढं सुंदर काम उसवायच्या आधी हॉस्पिटलात येऊन एकदा विचारायला हवं होतं."

"तू चिठ्ठी दाखवत होतीस. मी बघितली नाही. तुझी काही चूक नाही त्यात, सुलू."

"हो," ती म्हणाली. मग परत चिठ्ठीकडे बघत म्हणाली, "एक उकार, वहिनी."

"हो."

"रेशनवर मिळायचे ना."

मी रडले, ती रडली नाही. तिचे आधीच रडून झाले असावे, केव्हातरी, आमच्याच स्वयंपाकघरात. चहा झाल्यावर तिने पिशवीतला स्कार्फ काढला, खिडकीपाशी उजेडात धरला आणि सुया हातात घेतल्या.

"पुढे काय करायचं?"

मी वही उघडायला लागले. तिने हात वर केला. "तोंडी सांगा. लिहू नका."

सहा ओळी तिने माझ्यासमोर विणल्या. बाकीच्या सहा सवडीने विणणार आहे.

सबब, कलम सहामधले देणे मी रद्द करते. ती वस्तू, त्या सुया आणि ती वही मी जिवंतपणी, माझ्या हाताने, जिची तिला दिलेली आहे. आता तिला या कागदाने काही मिळायचे उरले नाही, म्हणून ती साक्षीदार होऊ शकते आणि होत आहे. कलमातला बाकीचा मजकूर मात्र खोडू नये. तो कौस्तुभने वाचावा, कारण ज्या दिवशी हे घडले तो त्याचा घरातला पहिला दिवस होता.

आज सहीसाठी मी पुन्हा सुलूकडे आले आहे, चंपाबेनही माझ्यासोबत आल्या आहेत. आम्ही तिघी एकाच टेबलाशी बसलो आहोत. सर्व पानांवर मी त्या दोघींच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत.

ठिकाण: भाईंदर (पश्चिम)
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) मनोरमा ईश्वर मयेकर

साक्षीदार १
(सही, गुजराती लिपीत) चंपाबेन, शांती नगर, मीरा रोड

साक्षीदार २
(सही) सौ. सुलभा धर्माजी शिवलकर, निवृत्त शिक्षिका, भाईंदर (पश्चिम)
सहीपूर्वी मजकुरातले सात उकार आणि तीन वेलांट्या मी दुरुस्त केल्या असून प्रत्येक दुरुस्तीशेजारी वहिनींची सही घेतली आहे. कलम सहामधल्या चिठ्ठीतला उकार मी घातलेला नाही. ते अक्षर जसे होते तसे राहू दिले आहे.