भाचीचे पान आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीची टेलिफोन ऑपरेटर आणि आता धक्क्याच्या वरच्या खोलीत चालणाऱ्या वेबसाइट कंपनीची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतकी माणसे बेटावर आता उरलेलीही नाहीत. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी "आज वार कोणता?" असे विचारले, मी "बोटीचा" म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. इथे दुसरा वार कोणी मोजत नाही.

याआधी मी एक मसुदा केला होता. तो रद्द समजावा. का रद्द केला ते पाचव्या कलमात येईल. तिथे माझी लेखणी जरा अडखळेल, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. राहते घर, मागची पाण्याची टाकी आणि टाकीशेजारची खोली माझ्या मुलाला द्यावी. त्याला ते घर नको आहे, हे मला ठाऊक आहे. तो मोठ्या शहरात बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतो आणि फोनवर "आई, विकून टाक आणि इकडे ये" असे सांगतो. बेटावरचे घर विकत घेणार कोण, ते मात्र सांगत नाही. तरीही घर त्यालाच, कारण माझ्याजवळ राहणाऱ्या भाचीला दिले तर ती ते सांभाळत बसेल. प्रत्येक वादळानंतर पत्रे ठोकेल, टाकी घासेल. मुलगा यातले काहीही करणार नाही, म्हणून त्याला देण्यात धोका नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गळते. आधीच सांगून ठेवते, मागाहून बोल नको.

कलम २. कंपनीचा जनरेटर आणि डिझेलची दोन पिंपे माझ्या धाकट्या नणंदेच्या बर्फघराला द्यावीत. कंपनी सुरू झाली त्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "काचेवर बोटं आपटून कुणाचं पोट भरत नाही, वहिनी." पुढे तिच्याच मुलाचे पोट त्या काचेवर भरले. तो आमच्याकडे शिकला आणि निघून गेला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. समोरून आले की रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाते. आमचा रस्ता एकच आणि तोही अरुंद, त्यामुळे हे तिला बरेच जड जाते. मी बरीच वर्षे म्हणत आले की ही बाई खडूस आहे. आता वाटते की तिचा मुलगा गेला आणि मी तिला एकदाही भेटायला गेले नाही. जनरेटर तिने माझा म्हणून घेऊ नये, वीज म्हणून घ्यावा.

कलम ३. या कलमात द्यायचे काही नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. टेलिफोन एक्स्चेंज बंद झाले तेव्हा माझ्या हातात काम नव्हते आणि बेटावरची तरणी पोरे प्रत्येक बोटीने कामाला बाहेर जात होती. मला वाटले, काम जर बोटीशिवाय बेटावर येऊ शकले तर पोरे थांबतील. मी वेबसाइट बनवायला शिकले, मग शिकवायला लागले. टेकडीवरच्या डिशमधून येणारे नेट म्हणजे करंगळीएवढी धार. त्यामुळे आम्ही पाने इतकी हलकी बनवायचो की ती कुठेही चटकन उघडत. पान तयार झाले की आम्ही धक्क्याच्या टोकाला जायचो, जिथे रेंज सगळ्यात वाईट, आणि बोटीच्या तिकीटवाल्यांच्या जुन्या फोनवर ते उघडायचो. त्यांनी एक तिकीट फाडेपर्यंत उघडले तर पास. नाही उघडले तर वर जाऊन पुन्हा कामाला लागायचे. बाहेरचे दातांचे डॉक्टर, मोटार शिकवणारे, फर्निचरवाले आमच्यावर खूश होते.

शिकायला आलेल्या प्रत्येकाचे पहिले काम एकच असे: स्वतःचे पान बनवायचे. मी कोण, कुठे राहतो, काय येते, घरी कोण आहे. चांगले जमले की ते पान मी कंपनीच्या साइटवर "आमची माणसे" म्हणून टाकायची. मला त्याचा कोण अभिमान! दुकान सजवले, गिऱ्हाईक आले, आणि माल राहिला बाजूला, दुकानातली माणसेच उचलून घेऊन गेले. पहिला गेला माझा मुलगा. मग बेकरीवाल्याच्या दोन मुली, मग नणंदेचा मुलगा. ज्या पानाने आम्ही काम मागत होतो तेच पान माणसे पळवत होते, आणि हे माझ्या टाळक्यात शिरायला फार उशीर लागला. उलट कोणी गेले की रिकामी जागा वाईट दिसू नये म्हणून मी तिथे घाईघाईने नवे पान टाकायची. असे करत करत मी बेट राखायला निघाले आणि बेट रिकामे केले.

कलम ४. मोठे टेबल, खुर्च्या आणि चालू स्थितीतले तीन कॉम्प्युटर गुरुजींना द्यावेत. मुले उरली नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागले, त्या दिवशी ते किल्ली हातात घेऊन माझ्याकडे आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "बाई, मी पोरांना वाचायला शिकवलं. तुम्ही त्यांना जायला शिकवलंत."

मी म्हणाले, "मग काय दावणीला बांधून ठेवायची होती?"

ते किल्ली घेऊन निघाले आणि मला वाटले मी जिंकले. उत्तर तसे बरोबरच होते. पण ते उत्तर देताना मी स्वतः काय करत होते ते गुरुजींना माहीत नव्हते. ते पुढच्या कलमात आहे. गुरुजींनी टेबल घ्यावे. एक पाय हलतो, त्याखाली पुठ्ठा घातलेला आहे, तो काढू नये.

कलम ५. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, माझी भाची. बहीण गेली तेव्हा ती माझ्याकडे आली, फ्रॉकमधली. बहिणीने शेवटी माझ्याकडून एकच कबूल करून घेतले होते: "हिला कशालाही अडवू नकोस." मी हो म्हणाले होते.

कंपनीत तिच्या तोडीचे कोणी आले नाही. वादळात डिश फिरली की टेकडीवर तीच चढते, मी खाली खोलीत पडद्याकडे बघत फोनवर सांगते, "डावीकडे. अजून. थांब, आता हात लावू नको." तिने स्वतःचे पान बनवले तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे धक्क्याच्या टोकाला गेलो. तिकीटवाल्यांनी तिकिटाला हात घालायच्या आत पान उघडले. ते म्हणाले, "पोरगी लांब जाणार." मी हसले. तोवर सगळे गेले होते. मी ते पान साइटवर टाकले नाही.

तिने विचारले, "मावशी, माझं पान कधी टाकणार?"

"साइट नवीन करायची आहे ना, तेव्हा टाकू."

काही महिन्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणाले, "नेट सुधारू दे."

"नेट सुधारलंय, मावशी. मीच तर डिश बसवली."

"बघू गं."

मग तिने विचारणे सोडले. मुलगी किती समजूतदार आहे, असे मी चारचौघांत सांगत राहिले. मला ते सोयीचे होते. एकदा बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारले की आमचे काम कोणी केले, त्या व्यक्तीशी बोलायचे आहे. मी सांगितले, "आमच्याकडे सगळे मिळून करतात." सगळे म्हणजे तेव्हा आम्ही दोघीच होतो. ती समोर बसून काम करत होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकले असणार. खोली काही एवढी मोठी नाही.

रद्द केलेल्या मसुद्यात मी लिहिले होते की कंपनी भाचीला द्यावी, मात्र तिने बेटावरच राहावे. वकीलबाईंना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिला कंपनी देताय की कंपनीला ती देताय?" मी फोन ठेवला. आणि मसुदा फाडला, तेही लगेच नाही, दोन बोटी येऊन गेल्यावर.

म्हणून आता लिहिते. कंपनी, तिचे नाव, सर्व्हर, गिऱ्हाइके आणि बँकेत असलेली माझी सगळी शिल्लक माझ्या भाचीला कोणत्याही अटीशिवाय द्यावी. तिने कंपनी चालवावी, विकावी, बंद करावी, नाहीतर पिशवीत घालून बोटीने न्यावी. पासवर्ड मी देऊ शकत नाही. ते सगळे तिनेच ठेवलेले आहेत आणि मला त्यातला एकही येत नाही. "मावशीची आठवण म्हणून तरी थांब" असे तिला कोणी म्हणू लागल्यास त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. त्यात मी स्वतःही आले. आजारपणात माणूस काहीबाही बोलते.

कलम ६. या जागी मी आधी असे लिहिले होते की माझ्या पश्चात भाचीचे पान साइटवर टाकावे. लिहून झाले आणि माझी मलाच शरम वाटली. मेल्यावर सोडीन म्हणजे मरेपर्यंत धरून ठेवीन, एवढाच त्याचा अर्थ. ते वाक्य खोडले आहे. खोडल्याच्या बाजूला सही आहे.

आज दुपारी मी ते पान जुन्या फोल्डरमधून शोधून काढले आणि साइटवर टाकले. "आमची माणसे" या मथळ्याखाली आता तेवढे एकच आहे. ती तिच्या टेबलावर होती. तिच्या पडद्यावर ते दिसले असावे, कारण टंकण्याचा आवाज थांबला.

"मावशी, हे काय केलंस?"

"टाकलं."

ती उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी ओरडा खायची तयारी केली होती. तिने ओरडावे असे मला मनापासून वाटत होते. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यात माझं वय चोवीस आहे."

"मग बदल ना."

तिने वाकून चोवीस खोडले आणि एकोणचाळीस लिहिले. मग माउस हातात धरून पान वरपासून वाचायला लागली, आणखी काय बदलायचे ते बघत. कुठे राहते. काय काम करते. घरी कोण आहे. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, पुन्हा वर आली.

"बाकी सगळं तेच आहे," ती म्हणाली, आणि जाऊन कामाला बसली.

त्या पंधरा वर्षांची भरपाई होईल असे काही मी माझ्या मालमत्तेत शोधले. ते सापडले नाही, म्हणून या कलमात काही दिलेले नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांना यातले काही मिळणार नाही, आणि ते त्यांनी मागितलेलेही नाही.

सही : कंपनीची मालकीण (सही)

साक्षीदार पहिले : धक्क्यावरचे तिकीटवाले (सही)
साक्षीदार दुसरे : बेटावरचे डॉक्टर (सही व शिक्का)

ठिकाण : धक्क्याच्या वरची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार