खुन्याच्या चुका

२ सप्टेंबर, सोमवार

एकदाची आले. बॅगेआधी वही उघडली म्हणून ताईने डोळे वटारले. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, मोठ्या दवाखान्यात नर्स. गुन्हेगारी मानसशास्त्राची पदवी मिळेपर्यंत माझा मुक्काम तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. स्वयंपाकघर ऐसपैस आहे, पण मागच्या जिन्याकडच्या दाराची कडी तुटलेली. त्याला आतून खुर्ची टेकवून ठेवतो. घरात धड खुर्ची ही एकच, त्यामुळे लिहायला बसायचं तर तीच ओढायची आणि उठताना परत लावायची.

खुन्यांचा अभ्यास करून पुढे काय करणार, असं बाबांनी निघताना विचारलंच. पकडणार, म्हटलं. आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. पेन मात्र गळतंय, मधलं बोट निळंशार झालंय. टेबल खराब केलंस तर बाहेर काढीन, असा दम ताईने भरला आहे.

७ सप्टेंबर, शनिवार

आज सरांचा तास. त्यासाठीच तर इथे प्रवेश घेतला. विभागाच्या तळघरात ते दर शनिवारी एक खोटी खोली मांडतात, एकटेच, कुणाला हात लावू देत नाहीत. बाहुली कापसाची, रक्त खाटकाकडचं. त्याचा वास नाकात बसतो. आज शिंप्याचं दुकान होतं. मशीनवर ओणवी पडलेली बाई, डोकं मागून हातोडीने फोडलेलं, शिवायला घेतलेल्या झग्यावर मेंदू.

खून कुणी केला ते सर विचारत नाहीत. खुन्याच्या चुका काढा म्हणतात. गुन्हेगार चुकांमुळेच सापडतो, म्हणून आधी चुका ओळखायला शिका.

सगळे घुटमळत होते. मी धडाधड सांगितलं. समोर आरसा आहे, बाईला तो मागून येताना दिसला असता, आरसा आधी झाकायला हवा. हातोडी आणायचीच कशाला, दुकानात इस्त्री आहे की. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी शेफारले, कबूल.

८ सप्टेंबर, रविवार

माझं कौतुक ऐकून ताईने सरांना चहाला बोलावलं. फार साधा माणूस. दाराची खुर्ची ओढून त्यांना दिली तर आधी दाराची चौकशी केली, मग माझ्या निळ्या बोटाला हसले. ताईचा करडा स्वेटर मी घातला होता. आम्हा दोघींना पाठमोरं ओळखणं कठीण, असं म्हणाले. ताईला ते एकदम आवडले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ताई कामावरून आली ती न जेवता पडून राहिली. बाजारातल्या एका शिंपिणीला आणलं होतं, आणलं तेव्हा जीव होता, तासाभरात गेली. चेहरा भाजलेला, कवटी आत गेलेली, एक डोळा गालावर. तिच्याच इस्त्रीने मारलं. पोलीस सांगत होते, दुकानातला आरसा चादरीने झाकलेला होता.

योगायोग असेल. असायलाच हवा.

१४ सप्टेंबर, शनिवार

गप्प बसायचं ठरवूनच गेले. आज घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, तारेने गळा आवळलेला, पायाशी त्याचा कुत्रा. बाकीचे इतकं भलतंसलतं बोलत होते की राहवेना. तारेने खुन्याचे स्वतःचे हात कापले असणार, जाड हातमोजे हवेत. आणि कुत्र्याला आधी संपवायला हवं.

बोलून गेले. सर लिहून घेत नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते. माझ्या जिभेला काय झालंय?

१८ सप्टेंबर, बुधवार

बाजारातला खराखुरा घड्याळवाला गेला. मुंडकं मानेला जेमतेम चिकटलेलं. कुत्रा आधी, बाहेरच, पोट फाडून.

चौकीत गेले. सगळं सांगितलं. साहेब सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. माझ्यासमोर सरांना फोन लावला आणि दोघं हसले. पोरगी हुशार आहे पण फार मनावर घेते, असं सर म्हणाले म्हणे. आता त्यांना कळलंय, मला माहीत आहे ते.

त्या दोघांना मी मारलं. हात त्याचे, अक्कल माझी.

२१ सप्टेंबर, शनिवार

आमचं स्वयंपाकघर.

तळघरात आमचं स्वयंपाकघर मांडलं होतं. तेच टेबल, तीच खुर्ची, ताईचा कान तुटलेला निळा कप. बाहुली तोंडावर पडलेली, अंगात करडा स्वेटर, पाठीत सुरी मुठीपर्यंत. किती वार ते बघवलं नाही. लोकर आणि कापूस एक झाला होता.

वर्गाला एकही चूक सापडली नाही. सरांनी मला विचारलं. ताई डोळ्यांपुढे होती, तरी एक दिसलंच — बाहुलीच्या मधल्या बोटाला शाई. नर्सच्या बोटाला शाई कुठून, ही चूक आहे, म्हटलं.

सर हसले. पुन्हा नीट बघ म्हणाले.

२२ सप्टेंबर, रविवार

ताईला बाबांकडे धाडलं. ऐकत नव्हती. भांडले, रडले, शेवटी पाया पडले तेव्हा बसमध्ये बसली. बस दिसेनाशी होईपर्यंत थांब्यावर उभी राहिले. ताई वाचली. आता मला काही झालं तरी चालेल.

उद्या सकाळीच पोलिसांच्या मोठ्या कचेरीत जायचं, जिथे सरांचं कुणी नसेल. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. ऊन उतरलं, थंडी वाजतेय. ताईचा स्वेटर चढवला. तिच्याच कपात चहा. पेन आणखीच गळतंय, बोट सगळं —

बोट.

शाई ही चूक नव्हती.

त्याने मांडलेल्या खोलीत खुर्ची दाराला नव्हती. टेबलाशी होती. बाहुली तिच्यावरून पडलेली —

मी खुर्चीवर बसलेय. दाराची खुर्ची. सवयीने ओढली मी, सवयीने —

जिन्यात कुणीतरी. सावकाश.

ताई, तू येऊ नकोस. काही झालं तरी घरी येऊ —

वारं लागतंय पाठीला. दार उघ

ती बाहुली ताई नव्ह