वाघजाईवाडीचे घर आणि त्रेचाळीस नापसंत गावे

मी, विनोदिनी गोपाळकृष्ण डोंगरे, वय वर्षे ६८, जिल्हा परिषदेची निवृत्त आरोग्य सेविका, माहेर वाई, सध्या मुक्काम सांगली, भाड्याचे घर, दुसरा मजला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहायला बसले आहे. मला कोणी लिहायला सांगितलेले नाही, कोणाचा दाब नाही. उलट घरातल्या एका माणसाचा विरोधच आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मोजमाप न करता घर विकत घेणारी बाई शुद्धीवर असेल यावर माझ्या पतींचा विश्वास नाही.

पती गोपाळकृष्ण, वय ७२, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून २०११ साली निवृत्त झाले. यापुढे या कागदात मी त्यांना 'हे' म्हणेन. पंचेचाळीस वर्षे तेच म्हणत आले आहे, आता वकिली भाषेसाठी बदलणार नाही. आम्हाला एकच मुलगी, श्रद्धा, ती पुण्याला असते आणि दर रविवारी फोनवर "ठरलं का गं काही?" असे विचारते. दर रविवारी मी "नाही" म्हणते.

लिहिण्याचे कारण असे. गेल्या दिवाळीनंतर मिरजेला माझ्या हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षे जगाल, फक्त जड उचलू नका आणि चिडू नका. पहिली अट मी पाळते. दुसरी आमच्या घरात पाळता येण्यासारखी नाही. निवृत्तीनंतर खेड्यात छोटे घर घेऊन दोघांनी राहायचे हे ठरून चौदा वर्षे झाली, आणि चौदा वर्षे आम्ही घर बघतोच आहोत. मला आपल्या घराच्या उंबऱ्यात यांच्याबरोबर बसून सकाळचा चहा प्यायचा होता, एवढेच मागणे. ते जिवंतपणी होण्याचे लक्षण दिसेना, म्हणून मरणोत्तर व्यवस्था करीत आहे.

कलम १. मौजे वाघजाईवाडी, विट्याच्या पुढे, येथील दोन खोल्या, पडवी आणि मागचे अंगण हे घर मी गेल्या जुलैत माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून, माझ्या नावाने, यांना न सांगता घेतले. ते माझ्या पश्चात यांना द्यावे. अट अशी की माझ्या मृत्यूपासून नव्वद दिवसांच्या आत यांनी तेथे राहायला जावे. जाण्यापूर्वी घराची, विहिरीची, ओढ्याची किंवा शेजाऱ्यांची कोणत्याही प्रकारे मोजणी करू नये. अट मोडल्यास घर सुलाबाई ज्योतिबा कोळेकर यांना मिळावे. सुलाबाई कोण ते पुढे सांगते.

कलम २. यांच्या चार वह्या. या माझ्या नाहीत, त्यामुळे त्या मला कोणाला देता येत नाहीत, पण त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय कलम १ कोणाला समजणार नाही. या वह्यांत त्रेचाळीस गावे आहेत आणि प्रत्येकापुढे 'नापसंत' असे लिहून तारीख घातलेली आहे. आपला मुलूख मोठा चमत्कारिक आहे. पश्चिमेला नद्या पुरात घर घालवतात आणि पूर्वेला माणदेशात विहिरी तळ दाखवतात. यांनी नकाशावर दोन रेघा मारल्या, एक पुराची आणि एक दुष्काळाची, आणि म्हणाले की या दोन रेघांच्या मध्ये आपले गाव आहे. त्या दोन रेघांच्या मध्ये मला तरी राष्ट्रीय महामार्ग सोडून काही दिसले नाही.

वाईजवळचे, माझ्या माहेरापासून तीन मैलांवरचे गाव मला फार आवडले होते. वर धरण आहे म्हणून नापसंत. म्हसवडकडे एक घर पाहिले, भरलेली विहीर पाहिली, हे म्हणाले मे महिन्यात परत येऊ. मे महिन्यात विहिरीत कावळा पाणी शोधत होता आणि मालक "यंदाच असं झालंय" म्हणत होता. शिराळ्याला घरमालकाने आम्हाला चहा दिला आणि भिंतीतल्या नागाची घरच्या थोरल्या माणसासारखी ओळख करून दिली. तो कोणाला काही करत नाही, फक्त श्रावणात जरा फिरतो, असे मालक म्हणाला. ते गाव मीच नापसंत केले, हे मान्य करते.

सगळ्यांत कहर शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावात झाला. हे प्रत्येक ठिकाणी जमिनीचा उंचसखलपणा पाहायची दुर्बीण घेऊन जातात. तिला डंपी म्हणतात. तिवई रोवून, मला तीस पावलांवर पट्टी धरायला उभी करून, हे एका डोळ्याने पाहू लागले की गावाला वाटणारच, सरकारी मोजणी आली. त्या गावात रस्ता येणार अशी बातमी तासाभरात पसरली. आम्हाला तीन घरी जेवण झाले. आठ दिवसांनी सौदा करायला गेलो तर ज्या तुकड्यात घर बांधायचे म्हणत होतो, त्यात साठ आंब्याची रोपे लावलेली. मालक कोंडीबा म्हणून एक भला माणूस होता. यांनी विचारले, हे काय? तो म्हणाला, "आवं सायेब, रस्ता हिकडनंच जाणार न्हवं? झाडाची भरपाई येगळी मिळतीया म्हंत्यात." रस्ता नाही, आम्ही राहायला येणार आहोत, असे यांनी तीनदा सांगितले. सरकारी माणूस खरे सांगत नसतो एवढे कोंडीबाला पक्के ठाऊक होते. त्याने किंमत चौपट सांगितली आणि ते गाव गेले.

कलम ३. माझा रक्तदाब तपासायचा पारा असलेला यंत्रडबा, बाळ झोळीत घालून वजन करायचा स्प्रिंगचा काटा, आणि निर्जंतुक करायची ॲल्युमिनियमची पेटी, हे सगळे वाघजाईवाडी उपकेंद्रातल्या सध्याच्या सिस्टर अपेक्षा हिला द्यावे. तिला आता सगळे इलेक्ट्रॉनिक मिळते, पण लाईट गेली की तिला माझी आठवण येईल. नोकरीत मी नऊ वर्षे त्याच उपकेंद्रात होते आणि त्या काट्यावर त्या गावची बहुतेक पोरे टांगली. सुलाबाईची मंगलसुद्धा त्यातलीच. १९९१ च्या उन्हाळ्यात सुलाबाईच्या घरी मी दीड दिवस बसून होते, आणि तिची सासू मेंढरांच्या वाड्यावरून येईपर्यंत मंगल जन्मली होती. तेव्हापासून सुलाबाई मला 'बाई' म्हणते आणि मी तिला काही सांगितले की ती माझ्यावरच ओरडते.

या गावातले निम्मे लोक परमुलखात सोने गाळायच्या धंद्यात आहेत. कोणी सेलमला, कोणी वारंगळला. प्रत्येकाने गावात बंगला बांधला आहे आणि प्रत्येक बंगल्याला अकरा महिने कुलूप आहे. चौदा बंगल्यांच्या किल्ल्या सुलाबाईच्या कमरेला असतात. ती झाडते, तुळशीला पाणी घालते, यात्रेला मालक येणार असले की आदल्या दिवशी पाण्याची टाकी भरून ठेवते. सेलमच्या अमृतने बंगल्याशेजारचे जुने घर विकायला काढले तेव्हा तिनेच मला फोन केला. यांना मी दोन महिन्यांनी सांगितले. हे म्हणाले, "ज्या गावाला गावातली माणसं कुलूप लावून जातात, तिथे आपण राहायला जायचं?" मी म्हटले, जातात तशी येतातही, आणि आली की किल्ली कोणाकडे आहे हे त्यांना माहीत असते. हे वही काढून विहिरीची खोली विचारू लागले. तो दिवस आणि आजचा दिवस, यांनी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

कलम ४. माझे दीर सुमंत यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. सासूबाईंचे पितळी सतेले त्यांच्याकडे आहे, तेही त्यांनी ठेवावे. माझा राग सतेल्याचा नाही.

हे मी आजवर कोठे लिहिले नाही, बोललेही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होते तेव्हा आक्का, यांच्या थोरल्या भगिनी, नदीकाठच्या त्यांच्या घरात एकट्या होत्या. दुपारी त्यांनी यांना फोन केला, निघू का थांबू? यांच्या डोक्यात चाळीस वर्षांच्या पुरांचे आकडे. यांनी कागदावर हिशेब केला आणि सांगितले, "आक्का, तुझ्या पायरीला पाणी लागणार नाही, घरीच थांब." पाणी पोटमाळ्याला लागले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून बोटीने त्यांना काढले. छातीत भरलेली थंडी उतरली नाही, दिवाळीच्या आधी त्या गेल्या. तेराव्याला, पंगत बसलेली असताना, सुमंतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "दादानं मोजून सांगितलं म्हणून ती थांबली." खोटे नव्हते, म्हणूनच ते बोलायला नको होते. हे पानावरून उठले नाहीत, जेवले, हात धुतले, आणि तेव्हापासून यांनी त्या विषयावर एक शब्द काढलेला नाही.

त्रेचाळीसपैकी बारा गावे त्याआधीची आहेत. ती आम्ही हौसेने पाहिली. कोठे हुरडा खाल्ला, कोठे देऊळ पाहिले. उरलेली एकतीस त्यानंतरची. त्या एकतीस गावांत यांनी आमच्यासाठी घर शोधलेच नाही. यांनी अशी जागा शोधली, जिच्याबद्दल यांचे सांगणे पुन्हा चुकू शकणार नाही. तशी जागा नसते हे मला सहा वर्षे दिसते आहे आणि सांगता येत नाही, म्हणून मी विहिरींवरून, डंपीवरून, वह्यांवरून भांडते. मी फार भांडले आहे. त्याचे मला वाईट वाटते, पण सगळ्याचे नाही.

कलम ५. बँकेतली ठेव आणि माझ्या चार बांगड्या श्रद्धाला. तिने त्या मोडून काहीही करावे, फक्त यांच्यासाठी वृद्धांच्या सोसायटीत फ्लॅट घेऊ नये. शिलाई मशीन मंगलला, ती विट्यात ब्लाऊज शिवते.

कलम ६. वरची पाचही कलमे लिहून झाल्यावर मी हा कागद घेऊन एसटीने वाघजाईवाडीला गेले, कारण सुलाबाईच्या नावाने लिहिले आहे ते तिला सांगणे भाग होते. तिच्या पडवीत बसून मी कलम १ वाचून दाखवले. ती शेंगा फोडत होती. मी ज्यांना कागद दाखवला त्या वकिलाने या कलमाचे कौतुक केले होते. सुलाबाईने शेंगांची पाटी बाजूला सारली.

"आवं बाई, तुमी मेल्यावर त्यांनी एकट्यानं हितं येऊन काय करायचं? भिंती बघत बसायचं? आनायचं तर जित्तेपणी आना त्यास्नी. न्हाईतर माजं नाव खोडा. मला न्हाई लागत असलं घर."

मी परत येताना अख्खा रस्ता तिच्यावर चिडलेली होते. विट्याच्या स्टँडवर बस बदलताना ध्यानात आले की ती बरोबर बोलली. मी यांना शिक्षा लिहून ठेवली होती. मी नसताना, मी निवडलेल्या घरात, एकट्याने राहण्याची शिक्षा. एका चुकीची शिक्षा सहा वर्षे भोगणाऱ्या माणसाला मी आणखी एक लिहून दिली होती, आणि वर डॉक्टरांचा दाखला जोडला होता.

रविवारी सकाळी मी यांना समोर बसवून सगळा कागद वाचून दाखवला. कलम २ ला हे मधेच म्हणाले की कोंडीबाची रोपे साठ नव्हती, चोपन्न होती. मग कलम ४ आले. मी थांबले नाही, थांबले असते तर पुढे वाचता आले नसते. मग सांगितले की उद्या विट्याच्या कृष्णातचा टेम्पो सांगितला आहे, मी राहायला जाते आहे, तुमचे कपडे भरलेले आहेत, यायचे का नाही ते तुम्ही ठरवा.

यांनी उठून भरलेली बॅग उघडून पाहिली, पुन्हा बंद केली. मग म्हणाले, "आणि मी पुन्हा चुकलो तर?"

हा प्रश्न यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा माणसाला विचारला. इतके दिवस हे तो विहिरींना विचारत होते.

मी म्हटले, "चुकलात तर दोघं मिळून टँकरची वाट बघू. आक्का एकट्या होत्या."

हे रडले. बहीण गेली तेव्हा रडले नव्हते. मीही रडले, आणि चिडू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांनी रडण्याबद्दल काही सांगितले नव्हते म्हणून पोटभर रडून घेतले.

सोमवारी टेम्पो आला. हे ड्रायव्हरशेजारी बसले आणि कृष्णातला विट्यापर्यंत रस्ता सांगत राहिले. तो रस्ता कृष्णात रोज दोनदा जातो. मी यांच्या पलीकडे खिडकीशी बसून सगळे ऐकत होते आणि एकदाही "पुरे" म्हटले नाही.

सबब कलम १ मधील अट, नव्वद दिवसांसह आणि सुलाबाईच्या नावासह, मी आज माझ्या हाताने खोडली असून बाजूला सही केली आहे. घर यांचे, विनाअट. आमच्यापैकी आधी कोण जाणार ते ठाऊक नाही. हे आधी गेले तर हे कलम रद्द समजावे, आणि मला त्याबद्दल कोणी काही विचारू नये. हा कागद लिहायला बसले तेव्हा तो लवकर उघडला जावा असेच जणू मला वाटत होते. आता तो जितका उशिरा उघडेल तितके बरे, असे वाटू लागले आहे.

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून, समजून, खाडाखोडीसह मान्य करून, खालील दोघांसमोर सही केली. ज्याला किंवा ज्याच्या घरच्यांना काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून हे आणि सुलाबाई बाहेर पडवीत बसले आहेत आणि विहिरीवरून वाद घालत आहेत.

सही: विनोदिनी गोपाळकृष्ण डोंगरे

साक्षीदार:
१. नानासो शंकर माने, निवृत्त ग्रामसेवक, रा. वाघजाईवाडी
२. कृष्णात दाजी शिंदे, टेम्पोमालक, रा. विटा

स्थळ: राहते घर, वाघजाईवाडी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५