फोटोचा खरा मध्य

सुवा, ३ नोव्हेंबर

प्रिय तोशिए,

फोनवर तू तीनदा विषय बदललास, म्हणून पत्र लिहिते आहे. ख्यालीखुशाली आधी उरकते. माझा गुडघा बरा आहे, पर्सिमनची फळं सोलून ओसरीत वाळत टांगली आहेत, आणि मोरिओचं वर्षश्राद्ध वीस तारखेला आहे. आता मुद्दा. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तू आलीस आणि जाताना त्याच्या निगेटिव्हचा एक डबा 'दादाची आठवण' म्हणून घेऊन गेलीस. डबे बावीस होते. त्यातला 'शोवा ३१' लिहिलेलाच, म्हणजे तू अकरा वर्षांची होतीस त्या १९५६ सालचाच, तुला का हवा होता, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. चाळीस वर्षं मुलींना भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला तो पडायला हवा होता.

नगरपालिकेला मोरिओच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं आहे. त्यांना पहिला हवा आहे तो आपल्या बैठकीतला फोटो: तळ्याकाठी सासूबाई, त्यांना चिकटून अकरा वर्षांची तू, मागे वर मावळतीचा सूर्य, आणि खाली डाव्या कडेला तो पांढरा गोल डाग. छपाईत डाग घालवता येईल का, हे विचारायला मी फोटो आणि कॅमेरा दोन्ही घेऊन मियासाकासानच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यांनी लेन्स दिव्यासमोर धरली आणि हसले. "बाई, हिच्या काचांवर लेपच नाही. सूर्य आत शिरला की काचांवर आपटत फिरतो आणि फोटोत भूत सोडून जातो. पुन्हा हा रेंजफाइंडर. बघायचं बाजूच्या खिडकीतून, फोटो निघतो लेन्समधून. भूत बसलंय हे फिल्म धुतल्यावरच कळणार. मोरिओसान म्हणायचे, हे म्हणजे लग्नासारखं." मी हसले नाही. मग ते म्हणाले, "पण भूत शिस्तीचं असतं हं. सूर्याच्या बरोबर समोर, फोटोच्या मध्यातून पलीकडे."

घरी येऊन मी पट्टी घेतली. सूर्यापासून डागापर्यंत रेघ धरली आणि तिचा मध्य काढला. तो वरून-खालून नेमका मधोमध आला, पण डावीकडून फक्त एक तृतीयांशावर. मला वाटलं, माझी नजर गेली. मग मोरिओच्याच कॅमेऱ्यात रोल भरून मी चार दिवस संध्याकाळी तळ्यावर गेले आणि सूर्य वेगवेगळ्या ठिकाणी धरून छत्तीस फोटो काढले. पहिले तीन लेन्सचं झाकण न काढताच काढले, हे तुला सांगायला हरकत नाही. त्या खिडकीतून झाकण दिसत नाही. उरलेल्या तेहतीसमध्ये एकदाही चूक नाही. म्हणजे चूक लेन्सची नव्हती, फोटोची होती. तो पूर्ण नाही. जेवढा भिंतीवर आहे त्याच्या एक तृतीयांश रुंदीची पट्टी डावीकडे आणखी असायला हवी. सासूबाईंचा त्या बाजूचा हात मनगटापाशी संपतो, तो कुणाच्या तरी खांद्यावर असणार.

मी तुला फोन केला तो तेव्हा. "वहिनी, या वयात कसली भुतं मोजत बसलात!" असं म्हणून तू हसलीस. मग म्हणालीस, आठवत नाही. मग, तिकडे बर्फ पडलं का. सप्टेंबरात, तोशिए. त्या फोटोत तू स्वतः उभी आहेस आणि तुझ्या शेजारची जागा तुला आठवत नाही? माझा संशय सरळ होता: एखादी मुलगी असणार. मोरिओचं आधी कुठे तरी ठरलेलं, मोडलेलं, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यापासून झाकलेलं.

मग मी राहिलेले एकवीस डबे उघडले. दर ऑक्टोबरात तो 'ताकासाकीला फोटो क्लबची सभा' म्हणून दोन दिवस जायचा, हे तुला माहीत आहे. मी क्लबच्या चिटणिसांना फोन केला. ताकासाकीला त्यांची सभा कधीच झालेली नाही. ऑक्टोबरच्या प्रत्येक रोलमध्ये मात्र एक फोटो असा आहे, की एक बाई सूर्याला पाठ करून उभी, आणि चेहऱ्यावर प्रकाशाचं धुकं. नाक-डोळे काही कळत नाहीत. मियासाकासानना दाखवले. त्यांनी भिंग लावून एकेक पाहिला. "बाई, मोरिओसान लेन्सवर ऊन अडवणारा हुड लावायला विसरणारे नव्हते. एकदा विसरले असते, तर मी मानलं असतं. तीस वर्षं एकाच बाईच्या वेळी? हे मुद्दाम काढून ठेवलेलं आहे." त्या रात्री मी त्याच्या तसबिरीपुढे रोजचा भात ठेवला नाही. एका फोटोत मागे बस थांब्याची पाटी होती. ती सावलीत होती, म्हणून वाचता आली.

गेल्या महिन्यात मी तिथे गेले. गुन्माच्या डोंगरात, बसच्या शेवटच्या थांब्यावर, कुष्ठरोग्यांची जुनी वसाहत आहे. कचेरीतल्या मुलीला मी गेल्या वर्षीचा फोटो दाखवला आणि ती म्हणाली, "अहो, ही शाल! या तर ओकावा आजी! यांचा भाऊ यंदा आलाच नाही." भाऊ. मी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

नाव ओकावा नाही, हे तुला सांगायला नकोच. हात्सुए. तिथे आल्यावर घरची बदनामी नको म्हणून दुसरं नाव घ्यायला लावलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पन्नास वर्षांमागेच ती औषधाने बरी झाली, तरी न्यायला कुणी आलं नाही. बोटं फारशी उरलेली नाहीत, आणि दृष्टी जाऊनही बरीच वर्षं झाली. मोरिओ गेल्याचं मलाच सांगावं लागलं. ती म्हणाली, "तरीच. थंडी पडली तरी आला नाही." फोटोंचं मी विचारलं. "तो हट्ट करायचा, 'ताई, एक तरी फोटो काढू दे.' मी म्हटलं, काढ, पण तोंड दिसता कामा नये. तेव्हा हसून म्हणाला, सूर्यासमोर तोंड दाखवण्यातच तर माझी लेन्स वाईट आहे." आणि तळ्याकाठचा तो फोटो? तिला न्यायला माणसं आली, घरभर जंतुनाशकाची पांढरी पावडर मारून गेली, त्याच्या आदल्या आठवड्यातला. आईने मोरिओला पुन्हा छापायला लावला, हिला सोडून. एकोणीस वर्षांच्या मुलाने ते स्वतःच्या हाताने केलं. मी तिला वन्सं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला राग मोरिओचाच आला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर एकदाही संशय घेतला नव्हता. त्याने मात्र रोज घेतला. मला कळलं तर मी निघून जाईन, असं त्याला वाटत राहिलं. आणि तू त्याला तसं वाटू दिलंस. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तुझ्याशी भांडते आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. वीस तारखेला हात्सुए वन्सं श्राद्धाला येत आहेत. मी स्वतः आणायला जाणार आहे. त्या थोरल्या आहेत, म्हणून भटजींसमोर पहिली त्यांची जागा, मग माझी, मग तुझी. नातवाची सोयरीक ठरते आहे, तिकडच्यांना कळलं तर काय, ही तुझी भीती मला माहीत आहे. ज्या घराला हे चालत नाही तिथे मुलगा देऊ नकोस, एवढंच माझं उत्तर. मी त्यांना विचारलं, तोशिएला काही निरोप? त्या म्हणाल्या, "मी तिला पाठीवर बांधून शाळेत न्यायचे. शेंगदाणे मागायची. ती रागावणार तर नाही ना, मी आले म्हणून?" तोशिए, तू ये. आणि नेहमीसारखी दाराशी खाली वाकून मुकाट बसून राहू नकोस. त्यांना दिसत नाही. तुला तोंड उघडून 'ताई' म्हणावं लागेल.

रागावलेली, तरी तुझीच,
मिसाओ वहिनी