दहा वर्षे, तीन महिने, वीस दिवस

डहाणू,
मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६

प्रिय पुतळी,

या पत्राचा मायना मी तीन वेळा बदलला. प्रथम 'कुमारी पुतळी हिस' असे लिहिले, मग नुसते 'चि. पुतळी'. दोन्ही कागद फाडले. तुझ्या बाई तुला चिठ्ठी पाठवीत तेव्हा 'प्रिय' असेच लिहीत, आणि शिष्येला असे संबोधणे शिस्तीला धरून नाही, असे मी त्यांना सांगत असे. आज त्यांचाच मायना उचलला आहे. चिंचणी आणि डहाणू यांत एका बसचे अंतर. तरी प्रत्यक्ष न येता पत्र लिहितो आहे. बोलायला लागलो की माझ्या वाक्यांना सूचनाफलकाचा सूर लागतो, हे तुला अनुभवाने ठाऊक आहे.

प्रथम सभेचे वर्तमान. परवा रविवारी सुरूबन संगीत सभेच्या यंदाच्या हंगामाची पाचवी मैफल झाली. शाळेच्या सभागृहातल्या दोनशे दहा खुर्च्या भरल्या आणि मागे सतरंज्या अंथराव्या लागल्या. तलासरीचे प्रवीण मास्तर टेम्पोतून बावीस विद्यार्थी घेऊन आले. झाईच्या वाडीवाल्यांनी शेवटच्या बसची चिंता केली नाही. धारवाडहून आलेले सतारवादक निघताना मला म्हणाले, "तुमच्याकडे टाळी उशिरा येते हो. आधी ऐकतात आणि मग वाजवतात. हे कुणी शिकवलं?" मी करंडी आणायला वळलो. त्यांना शाल दिली नाही. बाईंनी घातलेल्या प्रथेप्रमाणे चिकूंची करंडी दिली आणि कोणते चिकू कोणत्या दिवशी पिकतील याची चिठ्ठी वर ठेवली.

बावीस वर्षांपूर्वी याच सभागृहात पहिली मैफल झाली तेव्हा अकरा श्रोते होते, आणि त्यांतला एक दिवे मालवण्यासाठी थांबलेला शिपाई होता. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अकरा म्हणजे क्रिकेटचा संघ झाला की!" डहाणूसारख्या गावात शास्त्रीय संगीत कोण ऐकणार, असे विचारणाऱ्यांशी त्यांनी कधी वाद घातला नाही. त्या फक्त पुढच्या मैफलीची तारीख सांगत. सभा त्यांनी उभी केली. मी, त्यांचा नवरा आणि सभेचा कार्यवाह, तिची नियमावली लिहिली. मागच्या श्रावणात त्या गेल्या तेव्हा यंदाचा हंगाम होणार नाही, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. मी मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ठरल्या वेळी, पडदा उघडला. एकही मैफल रद्द झाली नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पाचही कलाकारांची नावे बाईंनी मे महिन्यातच स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. सहाव्या क्रमांकापुढे नाव नव्हते, नुसती रेघ होती. त्यांचा निर्णय झाला नसावा, असे मी समजलो. तुझी आई, जयवंती, तेव्हापासून दर खेपेला मासळीची टोपली उतरवताना विचारते, "सायेब, सहाव्याला कोण?" मी म्हणतो, विचार चालू आहे. त्यावर ती म्हणते, "चालू द्या. बोंबील तवर सुकतील." तिचे टोमणे मी ऐकून घेतो. या घरात आता मोठ्या आवाजात बोलणारी तेवढी एकच व्यक्ती येते.

आता जो विषय मी टाळतो आहे, त्याकडे येतो. सभेचा सातवा नियम तुला पाठ असेल. मुख्य मंचावर गाणाऱ्या कलाकाराची तालीम किमान दहा वर्षांची असावी. हा नियम मीच लिहिला. एका वजनदार गृहस्थांनी आपल्या भाचीला आमच्या मंचावर बसवले होते आणि ती मुलगी तबल्याबरोबर समच हरवून बसली होती, तेव्हा तो लिहिला. बाई हसल्या होत्या, पण त्यांनी सही केली होती.

गेल्या वर्षी १९ जानेवारीला आमच्या ओट्यावर कार्यकारिणीची सभा झाली. समारोपाची मैफल पाडव्याला, ३० मार्चला येत होती. बाईंनी तुझे नाव सुचवले. पाच सभासदांपैकी दोन अनुकूल, दोन प्रतिकूल. पाचवे मत माझे. तुला रीतसर शिष्या म्हणून गंडा बांधला तो २०१७च्या गुरुपौर्णिमेला. त्याला तेव्हा साडेसात वर्षे झाली होती. मी नियम वाचून दाखवला आणि विरोधात मत दिले. पत्नीच्या शिष्येसाठी नियम वाकवला, असे कोणी म्हणू नये, हेही मनात होते. मी बाईंना म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." त्या म्हणाल्या, "बरं. पुढच्या वर्षी तुम्ही पाहा." इतिवृत्तात मी त्यांचे वाक्य शब्दशः लिहिले. मराठीत एम. ए. झालेल्या माणसाने ते स्वतःच्या हाताने लिहिले, खाली सही केली, आणि सर्वनाम बदलले आहे हे त्याच्या लक्षात आले नाही. मी 'आपण पाहू' या अर्थाने बोललो होतो. त्या 'तुम्ही' म्हणाल्या होत्या.

कार्यकारिणीच्या त्या सभेच्या अकरा दिवस आधी त्या वलसाडला जाऊन आल्या होत्या. तंबोऱ्याच्या तारा आणायला जाते, असे मला सांगितले होते. तारा खरोखरच आणल्या होत्या. डॉक्टरांचा कागद मात्र मला एप्रिलमध्ये दिसला. जयवंती त्या दिवशी त्यांच्यासोबत गेली होती, हे तर मला त्या गेल्यानंतर समजले. मला का सांगितले नाही, असे मी जयवंतीला विचारले. ती म्हणाली, "बायनं शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना कळलं तर ते मला बिछान्यात झोपवतील नि वेळापत्रक लावतील." हे खरे आहे. मी तसेच केले असते.

म्हणून तुला हे कळायला हवे, पुतळी. बाईंना घाई होती ती तुझ्या नावलौकिकाची नव्हती. तुला मुख्य मंचावर पूर्ण मैफल गाताना त्यांना एकदा समोर बसून ऐकायचे होते.

त्यानंतर काय झाले, ते आपण दोघेही जाणतो. तुला निर्णय आधीच कळला असे गृहीत धरून बाई तुझ्याशी त्यावर बोलल्या नाहीत, आणि मी कळवणे हे माझे कार्यालयीन कर्तव्य समजून तुला पत्र पाठवले. त्यात 'खेद' हा शब्दही नव्हता. तू तारापूरला कंपनीत लागलीस. शेवटच्या दिवसांत येऊन बाईंचे पाय चेपलेस, पण गायली नाहीस. त्यांनीही मागितले नाही. तेराव्या दिवसानंतर तू त्यांनी दिलेला तंबोरा गवसणीत घालून परत आणलास आणि मी तुला त्याची पोचपावती लिहून दिली. 'एक तंबोरा, सुस्थितीत, मिळाला.' पावती घेताना तू माझ्याकडे पाहिले नाहीस. जयवंती सांगते, की आता तू घरी गुणगुणतही नाहीस. भांडी घासतानासुद्धा नाही.

हंगामाच्या स्मरणिकेत बाईंच्या शिष्यांची यादी द्यावी, म्हणून गेल्या बुधवारी मी त्यांची तालमीची वही उघडली. अठ्ठावीस वर्षांच्या सहजीवनात मी ती वही कधी उघडली नव्हती. ती त्यांची आहे, एवढे भान मला होते. शिष्यांची हजेरी, राग, आणि पुढे एखादे वाक्य. तुझे नाव मी २०१७ सालात शोधत होतो. ते सापडले त्याच्या कितीतरी पाने आधी. बुधवार, १० डिसेंबर २०१४. 'जयवंतीची मुलगी. मागच्या पायरीवर. सा लावला, हलला नाही. उद्यापासून आत बसवायची.' आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून ओळीने तुझी हजेरी आहे. यमनचे अलंकार, भूप, पुन्हा भूप. 'आज रडली, पण नी सोडला नाही.' अशी पानांमागून पाने.

तो दिवस मला आठवतो. जयवंती मागच्या पायरीवर मासे साफ करीत होती. आत बाईंच्या दोन विद्यार्थिनींना षड्ज धरवत नव्हता. तू दहा वर्षांची. टोपलीशी बसून कावळे हाकत होतीस. हाकता हाकता तू तंबोऱ्याच्या सुराला सूर लावलास आणि तो तसाच ठेवलास. बाई तालीम अर्धवट टाकून बाहेर गेल्या. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मला त्या आवाजाचा व्यत्यय झाला आणि मी उठून मागची खिडकी लावून घेतली.

तुला माझी नोकरी माहीत आहे. एकतीस वर्षे मी दस्तनोंदणीच्या कार्यालयात काढली. जमिनीच्या व्यवहारातला पहिला धडा मी शेकडो लोकांना समजावला असेन. दस्ताची नोंदणी उशिरा झाली तरी दस्त अमलात येतो तो नोंदणीच्या दिवसापासून नव्हे. ज्या दिवशी तो करून दिला, त्या दिवसापासून. गंडाबंधन ही नोंदणी. देणे-घेणे झाले ते मागच्या पायरीवर. हे मला, इतरांना नव्हे, मला समजायला हवे होते. तुझी तालीम १० डिसेंबर २०१४ पासून धरली, तर गेल्या पाडव्याला तिला दहा वर्षे, तीन महिने, वीस दिवस झाले होते. नियम वाकवण्याची आवश्यकताच नव्हती. नियम तुझ्या बाजूने होता, आणि बाईंनी तसे भांडूनही सांगितले नाही. ते मी आपण होऊन पाहावे, अशी त्यांची अपेक्षा असावी.

त्याच बुधवारी जयवंती आली तेव्हा मी तिला ते पान वाचून दाखवले. तिने हात पदराला पुसले, अक्षरावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं की. पोर कवापासून शिकते ते आईला ठाऊक नसंल? तुम्ही इचारलंत काय कधी?" मी म्हणालो, कागदावर तशी नोंद नव्हती. ती म्हणाली, "सायेब, तुमच्या कागदाला कान नायत." मग माझ्यासाठी दोन पापलेटे जास्त ठेवून गेली. हा वाक्प्रचार मी यापूर्वी कोठे वाचलेला नाही. तो नियमावलीच्या मुखपृष्ठावर छापावा, असा माझा विचार आहे.

आणखी एक नोंद राहिली आहे. तू पंधरा वर्षांची असताना एका मैफलीच्या आरंभी ईशस्तवन गायली होतीस. नवोदितांना पाच मिनिटे, असा दंडक होता आणि मी विंगेत घड्याळ घेऊन उभा होतो. पाच मिनिटे झाली. मी हात वर करायला हवा होता. मी घड्याळ खिशात ठेवले. तू किती वेळ गायलीस, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यातला तेवढाच अवधी मोजणीतून सुटला आहे. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. ते मी तुला सांगितले नाही, बाईंनाही नाही. तालमीच्या वहीत त्या तारखेखाली बाईंचे वाक्य आहे: 'यांनी आज घड्याळ खिशात ठेवले.' त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

तर, परवा मैफलीच्या आधी मी कार्यकारिणीपुढे गेल्या वर्षीच्या इतिवृत्ताची दुरुस्ती मांडली. 'कार्यवाहांनी तालमीचा आरंभ चुकीच्या तारखेपासून धरला. चूक सर्वस्वी त्यांची.' तालमीच्या आरंभाला साक्षीदार कोण, असे एका सभासदाने रीतीप्रमाणे विचारले. मी सांगितले, दोन आहेत: जयवंती आणि मी. दुरुस्ती एकमताने संमत झाली. समारोपाची मैफल रविवार, २९ मार्च रोजी, सायंकाळी सहा वाजता आहे. महालक्ष्मीची जत्रा त्यानंतर भरते, म्हणून विवळवेढ्याकडची मंडळीही मोकळी असतील. बाईंच्या वहीत तुझ्यापुढची शेवटची नोंद गेल्या वर्षीच्या १२ जानेवारीची आहे: 'पूरिया धनाश्री. आता माझ्याकडे हिला देण्यासारखे काही उरले नाही.' सूर्य मावळण्याच्या सुमारास तो राग गातात, एवढे मी या वर्षात शिकलो आहे. सहावी रेघ त्यांनी कोणासाठी मोकळी ठेवली होती, ते मला आता कोणी सांगण्याची गरज नाही. त्या रेघेवर नाव लिहिण्याचा अधिकार मात्र माझा नाही. तो तुझा आहे. तू गाशील का, हे विचारण्यासाठीच हे पत्र लिहिले. तू नाही म्हणालीस, तर सहावी मैफल होणार नाही. पडदा उघडेल, मंचावर तंबोरा ठेवलेला असेल, आणि लोक थोडा वेळ बसून घरी जातील. दुसरे नाव मी शोधणार नाही. तंबोऱ्याला बाईंनी वलसाडहून आणलेल्या तारा चढवून घेतल्या आहेत आणि सूर मोकळा लागावा म्हणून जाणत्या माणसाकडून जवारीही करून घेतली आहे. तुला उत्तर लिहिण्याची तसदी नको. संमती असेल, तर ती पोचपावती जयवंतीच्या टोपलीतून मला परत पाठव. ती मी रद्द करीन, कारण तंबोरा माझ्याकडे जमा झाला, हीच नोंद मुळात चुकीची होती. जयवंती बुधवारी आणि शुक्रवारी येते, मागच्या बाजूने. तिकडची खिडकी हल्ली मी लावत नाही.

तुझाच साक्षीदार,
भालचंद्र सावे